रतनबाईची कूस बदलायची रीत

माझे सासरे गेणभाऊ अठ्ठ्याण्णव साली ओट्यावरून पडले ते एका बैलापायी, आणि तो बैल त्या वेळी दोन कोस लांब दावणीला बांधलेला होता.

त्याचं असं झालं. मामा (आम्ही सुना सासऱ्यांना मामाच म्हणतो) बैलगाडा शर्यतींचे निवेदक होते. जुन्नर-आंबेगावात कुठेही यात्रा असली की घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, माईकवर आवाज मामांचा. चाळीस वर्षं हेच काम केल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नसे. चहात साखर कमी पडली तरी ते सगळ्या वारूळवाडीला कळायचं. त्या दिवशी ते दोन पाहुण्यांना मंचरकडचा एक बैल सुटताना कसा उसळतो ते सांगत होते. सांगून भागेना म्हणून दाखवायला उठले. उसळले अगदी बैलासारखे. खाली येताना मात्र बैलाला चार पाय असतात आणि आपल्याला दोन, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

खुबा मोडला. नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढला, छाती तपासली आणि आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बहिरूशेठला, बाजूला घेतलं.

"यांच्या हृदयाला ऑपरेशन झेपायचं नाही. पायाला वजन लावून पडून राहायचं, तीन महिने. ते घरीही होईल. पण घरी न्यायचं म्हणजे नेऊन ठेवायचं नाही, कळलं का?"

त्यांनी एक कागद लिहून दिला. दर दोन तासांनी अंग कलतं करायचं. पाठीची, टाचांची कातडी रोज बघायची. लघवी-संडासची सोय जागेवर, भांड्यात. छातीत कफ धरू नये म्हणून दिवसातून चार वेळा फुगे फुगवायचे. भरपूर पाणी.

आमच्या ह्यांनी तो कागद मोटरसायकलवर बसल्या बसल्या वाचला आणि म्हणाले, "ह्यात अवघड काय हाय? आपल्या घरात माणसं काय कमी हायेत का?"

माणसं कमी नव्हतीच. आम्ही तीन जावा, तिघे भाऊ, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई बायडाबाई, आणि समाचाराला येणारे सगळे सोयरे. ह्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पाळ्या लिहिल्या. पहिल्या दिवशी दुपारी दोनला मामांना तिघांनी मिळून डाव्या अंगावर केलं. चारला कोणीच केलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं केलं असेल. सहाला दोघा भावांनी दोन बाजूंनी एकदमच वळवलं, त्यामुळे मामा होते तिथेच राहिले आणि वर ओरडले, "आरं, एक कोणतरी ठरवा! मी काय गव्हाचं पोतं हाय?"

फुगे मात्र ते मन लावून फुगवायचे. चाळीस वर्षांच्या माईकचा दम तो! आठवड्याभरात घरात एवढे फुगे झाले की समाचाराला आलेली एक बाई दारातच थबकली आणि म्हणाली, "आगं बया, बारसं हाय व्हय? मी तर काळं लुगडं नेसून आले."

पायाला लावलेल्या वजनाचं निराळंच रामायण. पायाला पट्टी, पट्टीला दोरी, दोरी खाटेच्या पायथ्याशी बसवलेल्या चाकावरून खाली आणि तिला दोन विटा. एक पाहुणे आले, राम राम केला आणि हातातली वांग्याची पिशवी अडकवायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी ती सरळ त्या दोरीला अडकवली. मामांनी जी आरोळी ठोकली ती मी जन्मभर विसरणार नाही.

"आरं, माझा पाय आळेफाट्याला निघाला! धरा रं!"

दहाव्या दिवशी डॉक्टर बघायला आले. पाठीखाली माकडहाडावर तांबडा चट्टा दिसला. त्यांनी आमच्याकडे एकेकाकडे बघितलं आणि विचारलं, "काल दिवसभरात किती वेळा वळवलं?" सगळ्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. कॅलेंडर गप्प.

"हे असं घरातल्या घरात निभत नाही," ते म्हणाले. "शिकलेलं माणूस ठेवा."

मग हे पुण्याला गेले आणि एका ब्यूरोतून माणूस घेऊन आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, केसांना तेल. त्याला काय काय येतं, हे आम्ही विचारलंच नव्हतं. पांढरे कपडे बघितले आणि समाधान पावलो. आल्यावर कळलं की त्याचं काम पेशंटजवळ बसायचं, गोळ्या द्यायच्या आणि वहीत लिहायचं. "भांडं देणं माझ्यात येत नाही," तो म्हणाला. वळवणंही त्याच्यात येत नव्हतं, कारण त्याची कंबर दुखायची. त्याच्यात जेवणं येत होतं.

मामांनी दुसऱ्याच दिवसापासून त्याचं निवेदन सुरू केलं. पडल्या पडल्या, घाटात ऐकू जाईल अशा आवाजात. "आणि मंडळीऽऽ, पुण्याचं पावणं आता खुर्चीवरून उठत्यात... उठलं! दोन पावलं टाकली! पाण्याच्या माठाकडं निघालं! न्हाई, न्हाई, मंडळी, टीव्हीकडं वळलं!"

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पिशवी भरली. जाताना मला म्हणाला, "वहिनी, तुमचे सासरे माझं थेट प्रक्षेपण करतात हो. मला जेवताना घास उतरत नाही."

आता उरली होती पाण्याची गादी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिच्यावर निजवलं तर पाठीवर भार कमी येतो. ह्यांनी तीही पुण्याहून आणली. निळी, रबराची, तिला एक नळी. भरायची कशी, ते कागदावर इंग्रजीत होतं. आमचे हे शेतकरी माणूस. पाणी भरायचं म्हटल्यावर त्यांना एकच गोष्ट सुचते. त्यांनी विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीचा पाईप पडवीपर्यंत आणला, गादीच्या नळीला सायकलच्या ट्यूबनं बांधला आणि ओरडले, "चालू करा!"

गादी पहिल्या मिनिटाला गादीसारखी दिसली. दुसऱ्या मिनिटाला म्हशीसारखी. आत्याबाईंनी देव आठवले. थोरली जाऊ म्हणाली, "भाऊजी, पुरं करा." हे म्हणाले, "थांब, आजून कडक व्हायला पायजे." तेवढ्यात ती फुटली.

पाण्याचा लोंढा पडवीतून दारात आला आणि दारात उभ्या असलेल्या एका बाईच्या पायांवरून पुढे गेला. हातात कापडी पिशवी, कपाळावर मोठं कुंकू, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. ती हलली नाही. पाणी ओसरू दिलं, मग आत डोकावून म्हणाली,

"डॉक्टरांनी निरोप धाडला म्हणून आले. पेशंट हाय का गेला वाहून?"

ही रतनबाई.

ती मूळची डिंगोऱ्याकडची, मेंढपाळाच्या घरातली. बापाची शंभरावर मेंढरं. लग्न झालं ते सोमाजीशी, त्याचीही मेंढरं होती, पण पुढे ती कमी होत होत तीस-चाळिसांवर आली. सासूला लकवा झाला तेव्हा रतनबाईनं तिचं पाच वर्षं सगळं खाटेवर केलं. त्या पाच वर्षांत सासूच्या पाठीला एक फोड आला नाही. हे बघून डॉक्टरांनीच तिला दवाखान्यात आया म्हणून ठेवून घेतलं आणि तिथल्या नर्सबाईंकडून ती एकेक गोष्ट शिकली: ताप बघायचा, रक्तदाब घ्यायचा, जखम धुवायची. वाचायला अडखळत यायचं, पण औषधाची पट्टी बघून गोळी ओळखायची.

आत आल्यावर तिनं पेशंटकडे आधी बघितलंच नाही. घर बघितलं. खाटेची उंची कमरेला लावून बघितली आणि म्हणाली, "ही लई बुटकी. चार विटा घाला पायाखाली, न्हाईतर पेशंट ऱ्हाईल आन करणारीची कंबर जाईल." खाट भिंतीला लागलेली होती ती मधे ओढायला लावली, म्हणजे दोन्ही अंगांनी जाता येईल. मोरी किती पावलांवर आहे ते चालून मोजलं. मग आम्हा सगळ्यांना विचारलं, "ह्याच्यात रोजचं मुख्य माणूस कोन?"

आम्ही सगळे एकदम म्हणालो, "आम्ही सगळेच."

"म्हंजी कुनीच न्हाई," ती म्हणाली, आणि मी सगळ्यांत पुढे उभी होते म्हणून माझं नाव विचारून माझ्याकडे बोट केलं. "अंजनाबाई, तुमी. मी सकाळी आन दुपारी येनार, दवाखाना सांभाळून. बाकी वेळ तुमी बघायचं. बाकीची समदी तुमच्या हाताखाली."

दोन थोरल्या जावा माझ्या हाताखाली! मला ती बाई तिथल्या तिथे आवडली.

मग ती मामांच्या उशाशी गेली. मामा तयारच होते. "आणि मंडळीऽऽ, नवा गाडा घाटात उतरलाय! डिंगोऱ्याची—"

"वरडू नका," रतनबाई म्हणाली. "मी जवळच हाय. काय दुखतंय तेवढं सांगा."

मामांनी माकडहाडाकडे हात नेला. पंधरा दिवसांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. आम्ही डॉक्टरांना विचारत होतो, कागदाला विचारत होतो.

तिनं त्यांना वळवलं ते मी बघत राहिले. मामांचं वजन सत्तर किलो आणि ही एवढीशी बाई. दुखरा पाय मला धरायला लावला, वजनाची दोरी सरळ ठेवायला सांगितली, मग मामांचा एक हात छातीवर ठेवला, मान हलकीच एका अंगाला केली, एक हात खांद्याखाली, एक कुल्ल्याखाली, आणि म्हणाली, "हां, चला." मामा लोण्यासारखे कलते झाले. गुडघ्यांच्या मधे उशी, पाठीला दुसरी उशी. झालं.

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"मेंढराजवळ. कातरायला मेंढरू घेता, तवा त्याच्या ताकदीला आपली ताकद लावायची न्हाई. मान वळवली की बाकीचं मेंढरू आपसूक येतं."

मामांनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, "म्हंजी मी मेंढरू काय गं?"

"न्हाई वो. मेंढरू मधी बोलत न्हाई."

पाठीचा तांबडा चट्टा हळूहळू गेला. गादीचं पंक्चर ह्यांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबवाल्याकडून काढून आणलं आणि या वेळी रतनबाईनं तांब्यानं पाणी भरलं. बोट दाबून बघितलं की बोटाखाली खाट लागू नये आणि माणूस वर तरंगूही नये, एवढंच. पण मामा दिवसेंदिवस सुकत चालले होते. जेवायला दिलं की दोन घास. पाणी तर घोटभर. ह्यांनी टॉनिक आणलं, आत्याबाईंनी नवस बोलला. डिंकाचे लाडू आत्याबाई उशाखाली ठेवायच्या, तेवढे मात्र ते खायचे, कारण नाही म्हटलं की आत्याबाई रडायच्या.

एके सकाळी रतनबाईनं सगळ्यांना बाहेर काढलं, फक्त मला दाराशी ठेवलं आणि मामांना विचारलं, "पानी का पीत न्हाई तुमी?"

आणि मामा हळू बोलले. मी त्या घरात नऊ वर्षं नांदत होते, मामांना हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"पानी पिलं की लघवी. जेवलं की दुसरं. मग भांडं मागायचं कुनाला, सुनांना? चाळीस वर्षं हजारो लोकांपुढं बोललो मी. आता हे बोलायचं?"

रतनबाईनं त्यांची चादर सारखी केली. मग म्हणाली, "बरं. मग तुमी भांडं मागू नका. दुसरं कायतरी मागा. शब्द तुमी ठरवा, आमी वळखू."

मामांनी दिवसभर विचार केला. संध्याकाळी जाहीर केलं, "मी म्हनंन, गाडा जुंपा."

तेव्हापासून आमच्या घरात 'गाडा जुंपा' म्हटलं की पाहुणे उठून बाहेर जायचे, जुन्या लुगड्याचा पडदा ओढला जायचा आणि भांडं यायचं. मामांचं पाणी वाढलं. गडी तरतरीत झाला. आवाज तर पहिल्यापेक्षा मोठा.

समाचाराला येणाऱ्यांचाही तिनं बंदोबस्त केला. आमच्याकडे माणूस आजारी पडलं की अख्खा तालुका येतो, खाटेवर बसतो, चहा पितो आणि अशाच दुखण्यानं कोण कोण गेलं ते सांगतो. रतनबाईनं कुणालाच अडवलं नाही. आलेल्या माणसाला ती हसून म्हणायची, "आलात? बरं झालं राव. हात धुवा आन हा पाय धरा." ठमाबाई म्हणून आमच्या शेजारीण होत्या, त्या दिवसातून तीनदा यायच्या. पहिल्या दिवशी पाय धरला, दुसऱ्या दिवशी टाचांना तेल चोळलं, तिसऱ्या दिवशी भांडं धुतलं. चौथ्या दिवसापासून त्या कुंपणावरूनच विचारायला लागल्या, "बरं हाय ना?"

महिना-सव्वा महिना असा गेला आणि वारूळवाडीची यात्रा आली.

मामांनी अन्न सोडायचंच बाकी ठेवलं. चाळीस वर्षांत एक यात्रा चुकली नव्हती. "मला खाटेसकट न्या," म्हणाले. डॉक्टर नाही म्हणाले. हे नाही म्हणाले. रतनबाई मात्र खिडकीतून घाटाकडे बघत होती. आमचं घर घाटापासून तीन वावरं पलीकडे. ती म्हणाली, "पेशंट जायचा न्हाई. पन माईकला कुठं खुबा हाय? माईक हिकडं येऊ द्या की."

सावळाराम माईकवाल्याला बोलावणं गेलं. तो मामांचा जुना सोबती. त्यानं तीन वावरांतून बांबू रोवून वायर आणली आणि मामांच्या उशाशी स्टँडवर माईक ठेवला. मामांना घाट दिसत नव्हता, म्हणून आमचे हे स्लॅबवर उभे राहायचे आणि खिडकीतून खाली ओरडून सांगायचे. मामा त्यात आपला मसाला घालून माईकवर बोलायचे. घाटात लोकांना वाटावं मामा बांधावरच उभे आहेत.

आता शर्यतीची रीत सांगायला हवी. निवेदक म्हणतो, "गाडा जुंपा!" की बैल जुंपतात. मग तो सूर लावतो, "झालीऽऽ, झालीऽऽ, झालीऽऽ," आणि शेवटी, "भिर्रर्रर्र!" आमच्या घाटात त्या आवाजावर गाडा सुटायचा. चाळीस वर्षं बैलांच्याही कानात तेच बसलेलं.

त्या दिवशी मामांचं पोट चार दिवसांपासून साफ नव्हतं. लाडवांचा प्रताप. डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिलं होतं आणि रतनबाईनं ते सकाळी सहालाच पाजलं होतं, म्हणजे शर्यतीआधी मोकळं होईल. पण पोट काही माणसाच्या हिशेबानं चालत नाही. नऊ वाजले, दहा वाजले, शर्यत सुरू झाली, सहा गाडे पळाले, मामा रंगात आले. अकराच्या सुमाराला दोन गाड्यांच्या मधे थोडी उसंत होती. सावळारामनं मामांना बटण दाखवून ठेवलं होतं: खाली केलं की बंद. मामांनी बटण खाली केलं. माईक त्यांच्या बाजूनं उलटा होता, त्यामुळे तो चालूच राहिला.

तिथून पुढचं सगळं वारूळवाडीच्या घाटात चार कर्ण्यांमधून ऐकू गेलं.

पहिल्यांदा मामांचा घाबरा आवाज आला, "रतन! ए रतन! गाडा जुंप! लौकर गाडा जुंप!"

घाटात एकच पळापळ. पुढचा गाडा कोळवाडीच्या कुणाचा तरी होता, तो अजून बैलांना पाणी पाजत होता. निवेदकाला एवढी घाई कसली ते कोणाला कळेना, पण गेणभाऊ म्हणतात म्हटल्यावर चार-पाच जणांनी मिळून बैल ओढले आणि जुंपले.

मग बाईचा आवाज आला, "आले, आले. जरा वर उचला. हां. आता सावकाश. जोर लावू नका, येईल आपसूक."

नव्या बाईला माईक दिलेला दिसतोय, असं पंचांना वाटलं. गाडीवानानं कासरा जरा सैल केला म्हणतात.

थोडा वेळ काहीच नाही. घाट चिडीचूप. आणि मग मामांचा आवाज, असा भरून आलेला, असा सुटलेला, की तसा त्यांनी आयुष्यात लावला नव्हता.

"झालीऽऽ... झालीऽऽ... झालीऽऽ..."

आणि त्यानंतर जो भिर्रर्र झाला, तो तोंडानं केलेला नव्हता.

बैलांना काय फरक कळतो! गाडा सुटला. असा सुटला की गाड्यापुढे घोडी पळवणारा गडीही मागे राहिला. स्लॅबवरून हे बोंबलले, "मामा, गाडा सुटला वो! कुनी सोडला?" (बापाला हेही मामाच म्हणतात, आम्हा सुनांचं ऐकून.) आणि चारही कर्ण्यांमधून रतनबाईचा आवाज घुमला, "शाबास गेनभाऊ! चार दिवसांनी! समदं मोकळं!"

घाटात जो हशा पिकला तो आम्हाला तीन वावरं पलीकडे कर्ण्याशिवाय ऐकू आला. सावळाराम वायर उपटायला धावला, पण हसता हसता बांधावरच बसला. पंचांपुढे प्रश्न पडला की हा गाडा निकालात धरायचा का नाही. अकरा सेकंदांत घाट पार झाला होता, दिवसातला सर्वांत कमी वेळ. दुसऱ्या पार्टीनं हरकत घेतली. पंचांनी अर्धा तास खल केला आणि निकाल दिला: जुंपा म्हणून झालं, तीन वेळा झाली म्हणून झालं, भिर्रर्र झालं. रीत पुरी झाली. गाडा धरला.

मामांना हे कळलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवेनात. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा पाणी सोडणार. संध्याकाळी तो कोळवाडीचा गाडामालक गुलाल लावून, पेढे घेऊन घरी आला, खाटेशी वाकला आणि म्हणाला, "गेनभाऊ, पुढच्या यात्रेला पन तुमीच. आमी तारीख सांगू, तवाच औषध घ्या."

मामांची पाठ हलायला लागली. रतनबाई घाईनं पुढे झाली, तिला वाटलं रडतायत. ते हसत होते. इतके हसले की दोरीच्या विटा एकमेकींवर वाजल्या.

तीन महिन्यांनी वजन निघालं. रतनबाईनं त्यांना आधी खाटेच्या कडेला बसवलं, मग उभं केलं, मग वॉकर धरून मोरीपर्यंत नेलं. पहिल्या दिवशी त्या बारा पावलांना वीस मिनिटं लागली आणि मामांनी प्रत्येक पाऊल जाहीर केलं. त्यानंतर ते सहा वर्षं जगले, घरातल्या घरात, ओट्यापर्यंत. रतनबाईची ये-जा कमी झाली, पण ती बाजाराला आली की डोकवायची, खांद्यावरची पिशवी ठेवायची आणि टाचा बघायची.

त्या यात्रेमुळे तिचं नाव मात्र सगळीकडे झालं. कर्ण्यावरून एवढी जाहिरात कुणाची झाली असेल? "ती गेणभाऊची बाई" म्हणून लोक शोधत यायचे. खोडदहून, बेल्ह्याहून, पार घाटघरहून निरोप यायचे. दोन हजार दोन साली तिनं दवाखाना सोडला आणि हेच काम धरलं. हाताखाली चार-पाच बाया तयार केल्या. कोणाच्याही घरी जायच्या आधी ती विचारायची: रोजचं मुख्य माणूस कोण, मोरी किती पावलांवर, आणि पेशंटला आम्ही आलेलं चालेल का, हे त्यालाच विचारलंय का. इंजेक्शन आणि सलाईन आमच्यात येत नाही, त्याला नर्सबाई लागतील, हेही आधीच सांगून टाकायची. काय येत नाही ते आधी सांगणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.

मग दोन हजार सातला पुण्यातल्या एका संस्थेनं घरी जाऊन सेवा करणाऱ्या बायांची परीक्षा ठेवली. पास झालं की सर्टिफिकेट. रतनबाई तयार नव्हती, पण तिची मुलगी सुप्रिया हट्टाला पेटली. सोबतीला मी गेले.

हॉलमध्ये खाटेवर प्लास्टिकचा माणूस ठेवला होता. पूर्ण उघडा. भोवती पंचवीस बाया आणि वहीवाले दोन सर. रतनबाईचा नंबर आला. सर म्हणाले, "याला डाव्या कुशीवर वळवून दाखवा."

ती पुढे गेली, प्लास्टिकच्या माणसाकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं आणि विचारलं, "चादर कुठाय?"

"चादर या प्रात्यक्षिकात नाही."

तिनं आपली शाल काढली, त्याच्या कमरेवर पांघरली, मग वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "बाबा, वळवते हां." आणि वळवला. मेंढरासारखा.

सरांनी वहीत बघून विचारलं, "पेशंटला हात लावण्यापूर्वी सर्वांत आधी काय करायचं असतं?"

"त्याला इचारायचं."

"नाही. हात धुवायचे."

"ते तर मी पोरी, संडासला जाऊन येताना, जेवायच्या आधी, कधीबी धुते," रतनबाई म्हणाली. सरांना पोरी म्हटल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. "तुमी आधीचं इचारलं म्हणून आधीचं सांगितलं. पन हिथं पानीच न्हाई. कुठं धुऊ?"

दोन्ही सरांनी खोलीभर बघितलं. खरंच पाणी नव्हतं. शेवटी शिपाई बादली आणायला धावला.

महिन्याभरानं सर्टिफिकेट पोस्टानं आलं. मी वाचून दाखवलं. सोनेरी किनार, खाली दोन सह्या, आणि मधे मोठ्या अक्षरात लिहिलेलं: श्री. रतनभाई सोमाजी.

मी चिडले, म्हटलं उद्याच फोन करून बदलून घेऊ. सोमाजी कोपऱ्यात बसून घोंगडी झटकत होता, तो मान खाली घालून हसायला लागला. रतनबाईनं तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि पिशवीत घातला.

"असू द्या," ती म्हणाली. "ओतूरचं एक म्हातारं हट्ट धरून बसलंय, बाप्या मानूसच पायजे म्हनून. त्याला उद्या दाखवते."